हृदयाभोवती पाणी: डॉक्टर ते ओळखतात कसं?

कडुनिंब | सोमवार, रात्री १०:१२

आरोग्यविषयक प्रश्नांच्या धाग्यावर गेले काही दिवस एकच वाक्य फिरतंय: "एकोच्या रिपोर्टात माइल्ड पेरिकार्डियल इफ्युजन लिहिलंय, घाबरायचं का?" (एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.) तिथे तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा वेगळा धागा काढते. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. माझ्याकडे पेशंट "दम लागतो" म्हणत येतो, तेव्हा सुरुवात तिथूनच.

हृदयावर दोन पदरी आवरण असतं आणि त्या दोन पदरांमध्ये थोडं पाणी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच असतं, साधारण १५ ते ५० मिली. ते वाढलं की इफ्युजन. बाहेरचा पदर चिवट आहे, तो एका झटक्यात ताणत नाही. त्यामुळे सुऱ्याचा वार लागून किंवा महाधमनी फाटून १५०-२०० मिली रक्त भराभर साठलं तरी माणूस हातचा जाऊ शकतो. उलट टीबीत किंवा थायरॉइडच्या आजारात आठवडे, महिने घेत लिटरभर पाणी जमतं आणि पेशंट एसटीने उभं राहून प्रवास करत माझ्याकडे येतो. "किती पाणी झालंय?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. माझा तो तिसरा. आधी बघायचं की हृदय दाबलं जातंय का, मग पाणी आलं कशामुळे.

विचारपूस करताना काय कानावर येतं? आडवं झालं की दम वाढतो, उठून पुढे वाकून उशीवर रेललं की बरं वाटतं. कोरडा खोकला. कधी उचकी, कधी घास अडकल्यासारखं. पायावर सूज, उजव्या बरगडीखाली जडपणा. यातलं एकही लक्षण फक्त याच आजाराचं नाही, म्हणून पुढचे प्रश्न जास्त कामाचे: संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं आहे का, डायलिसिस चालू आहे का, पूर्वी स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय का, अलीकडे बायपास किंवा पेसमेकर बसवलाय का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, सांधे दुखून चेहऱ्यावर पुरळ येतं का.

मग तपासणी. पेशंटला पाठीमागे टेकवून अर्धवट बसवायचं आणि मानेच्या शिरा बघायच्या. त्या तट्ट फुगलेल्या, रक्तदाब खाली, आणि स्टेथोस्कोपमधून हृदयाचे ठोके लांबून आल्यासारखे. या तिकडीला बेकची त्रयी म्हणतात. परीक्षेत ती तिन्ही हमखास येतात, दवाखान्यात क्वचितच एकत्र भेटतात. हळूहळू साठलेल्या पाण्यात रक्तदाब बराच काळ टिकून राहतो, कधी चढासुद्धा असतो. ती त्रयी दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

माझा स्वतःचा भरवसा बीपी मोजायच्या कफवर, म्हणजे दंडावर गुंडाळायच्या पट्ट्यावर. डिजिटल यंत्र इथे बिनकामाचं, हाताने हवा सोडायचं डायलचंच हवं. पेशंटला मुद्दाम खोल श्वास घ्यायला सांगायचा नाही, नेहमीचाच चालू द्यायचा. कफ फुगवून हवा अगदी हळू सोडत जायची. पहिल्यांदा ठोका ऐकू येतो तो फक्त श्वास सोडताना, घेताना गायब. तो आकडा लक्षात ठेवायचा, समजा ११२. आणखी हवा सोडत गेलं की एका आकड्यापासून श्वास घेताना आणि सोडतानाही ठोके सलग ऐकू येतात, समजा ९४. फरक १८. निरोगी माणसात हा फरक १० च्या आत असतो. श्वास घेताना उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, पण बाहेरून पाण्याचा वेढा पडलेला असल्याने उजवा कप्पा बाहेर फुगू शकत नाही. तो मधला पडदा डावीकडे ढकलतो आणि डाव्या कप्प्याची जागा खातो. म्हणून श्वास घेताना नाडी कमजोर पडते. याला पल्सस पॅराडॉक्सस म्हणतात. दम्याच्या जोरदार अटॅकमध्येही हे सापडतं, आणि ठोके अनियमित असतील तर मोजताच येत नाही. तरी पाच मिनिटांत, फुकटात इतकं सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

ईसीजीत सगळ्या रेषा बुटक्या दिसतात, नाडी जलद असते. क्वचित एक ठोका उंच, पुढचा ठेंगणा, पुन्हा उंच असं दिसतं, कारण हृदय पाण्यात अक्षरशः झोके घेत असतं. हे दिसलं की मी फोन उचलते. एक्स-रेबद्दल आणि एकोबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं. मी पुढच्या प्रतिसादांत येतेच.

वाईकर | सोमवार, रात्री १०:४०

धागा वाचनखुणांत टाकला. एक बाळबोध शंका. माझ्या सासऱ्यांच्या "छातीत पाणी" झालं होतं, पाठीत सुई घालून काढलं. ते हेच का?

कडुनिंब | सोमवार, रात्री १०:५१

नाही, वाईकर. पाठीतून काढलं म्हणजे ते फुफ्फुसाभोवतीचं. गावाकडे दोन्हींना "छातीत पाणी"च म्हणतात, त्यामुळे जुने कागद बघितल्याशिवाय मीही काही बोलत नाही. दोन्ही एकाच वेळीही असू शकतात. टीबीत, किडनीच्या आजारात आणि डेंगीत तर बऱ्याचदा. डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. पोटात, फुफ्फुसाभोवती आणि थोडं हृदयाभोवतीही सापडतं. ताप उतरून पेशंट सावरला की ते आपसूक जिरतं. पावसाळ्यात अशा रिपोर्टांनी घरचे उगाच हादरतात.

रोखठोक_राजा | सोमवार, रात्री ११:२०

सगळं ठीक, पण मला एक सांगा. साध्या एक्स-रेत हृदय मोठं झालेलं दिसतंच ना? मग सरसकट एको कशाला? आमच्याकडे शहरात पाय ठेवला की आधी एको, मग बोलणं. आम्ही काय एटीएम आहोत का?

लीड्सची_लीना | मंगळवार, पहाटे ३:०५ (इथे अजून सोमवारच आहे)

राजाभाऊ, राग समजू शकते, पण एक्स-रेवर सगळी भिस्त ठेवू नका. मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये कार्डिअ‍ॅक फिजिऑलॉजिस्ट आहे. इथे एको आम्हीच करतो, डॉक्टर नंतर बघतात.

एक्स-रेत हृदयाची सावली मोठी दिसायला साधारण २००-२५० मिली पाणी जमावं लागतं. पाणी झपाट्याने आलं असेल तर तेवढं जमायच्या आतच माणूस मरणाच्या दारात असतो, आणि फिल्म मात्र नॉर्मल. दुसरी गंमत अशी की आयसीयूत झोपलेल्या पेशंटचा फिरत्या मशिनवर समोरून काढलेला एक्स-रे निरोगी हृदयसुद्धा मोठं दाखवतो. मोठी सावली म्हणजे पाणी असं नाही, हृदयाचा स्नायूच पसरलेला असू शकतो. खूप पाणी असलं तर सावली खाली रुंद, वर निमुळती होते, सुरईसारखी, आणि फुफ्फुसं मात्र स्वच्छ काळी. मोठं हृदय आणि स्वच्छ फुफ्फुसं ही जोडी दिसली की एको हवाच.

आता एको करताना आम्ही काय बघतो ते. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून छातीच्या हाडाच्या कडेला प्रोब ठेवतो. पाणी पडद्यावर काळं दिसतं. हृदयाच्या मागे काळा पट्टा दिसला की पहिला प्रश्न: हे हृदयाचं की फुफ्फुसाचं? त्यासाठी खाली उतरणारी महाधमनी शोधायची, ती हृदयामागे गोल वर्तुळासारखी दिसते. काळा पट्टा तिच्या पुढून, हृदय आणि तिच्यामध्ये घुसत असेल तर पाणी हृदयाभोवती. पट्टा तिच्या मागून जात असेल तर फुफ्फुसाभोवती. नवीन मुलांना आम्ही हेच आधी शिकवतो.

दुसरा चकवा चरबीचा. स्थूल माणसांत, वयस्कर बायकांत हृदयाच्या पुढच्या बाजूला चरबीचा थर असतो. घाईत तो पाणी वाटतो. पण तो फक्त पुढेच असतो, नीट बघितलं तर दाणेदार दिसतो आणि हृदयाबरोबर हलतो. पेशंट आडवा असताना पाणी आधी मागे साचतं. नुसतं पुढे "पाणी" आणि मागे काहीच नाही, तर मी दोनदा बघते.

मोजमाप हृदय सैल पडलेलं असताना करायचं. १० मिमीच्या आत माइल्ड, १० ते २० मॉडरेट, २० च्या वर लार्ज. रिपोर्टातलं "माइल्ड" एवढ्यावरूनच येतं, आजार सौम्य आहे असा त्याचा अर्थ नाही. बायपासनंतर उजव्या कर्णिकेमागे (कर्णिका म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, जवनिका म्हणजे खालचा) छोटीशी गुठळी अडकून हृदय दाबल्याच्या केसेस असतात. त्या छातीवरून दिसतही नाहीत. अन्ननलिकेतून एको करावा लागतो किंवा सीटी.

हृदय दाबलं जातंय का ते कळतं पातळ भिंतींवरून. सगळ्यात आधी उजवी कर्णिका आत चेपते. मग उजवी जवनिका, ती भरायच्या वेळेला आत दबते, आणि हे दिसलं तर टॅम्पोनाडची, म्हणजे बाहेरच्या दाबाने हृदय नीट भरत नसल्याची, शक्यता बरीच पक्की. मग बेंबीच्या वर, बरगड्यांच्या कमानीखाली प्रोब टेकवून पोटातली मोठी शीर बघायची, आयव्हीसी. ती २.१ सेंमीपेक्षा रुंद आणि नाकाने जोरात श्वास ओढायला लावला तरी निम्म्यानेही आकसत नसेल, तर उजव्या बाजूचा दाब चढलेला आहे. शेवटी डॉपलरवर (एकोतलाच रक्ताचा वेग मोजणारा भाग) श्वासागणिक झडपेतून वाहणारं रक्त किती कमी-जास्त होतं ते मोजायचं. कडुनिंबताईंनी कफने जे ऐकलं तेच आम्ही पडद्यावर बघतो.

रोखठोक_राजा | मंगळवार, सकाळी ८:१०

ठीक आहे, एको मान्य. एटीएमवाला शब्द तेवढा मागे घेत नाही. :)

दफ्तरदार | मंगळवार, सकाळी ९:३०

थोडं इतिहासाचं अवांतर, चालवून घ्या.

छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकायची पद्धत ऑस्ट्रियाच्या लेओपोल्ड आउएनब्रुगरची, १७६१ सालची. बाप खाणावळ चालवायचा. पिंपात दारू किती उरली ते बाहेरून ठोकून बघतात, तिथून सुचलं म्हणतात. व्हिएन्नात कोणी फारसं विचारलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा वैद्य कोर्विझार याने फ्रेंचमध्ये आणल्यावर ती पसरली. वर डॉक्टरांनी सांगितलेली श्वासासरशी दबणारी नाडी जर्मनीच्या कुसमाउलने १८७३ मध्ये वर्णन केली. त्याला विचित्र वाटलं ते असं की हृदयाचा ठोका छातीवर ऐकू येतोय आणि मनगटाला मात्र लागत नाही. बेक म्हणजे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे सर्जन क्लॉड बेक, त्रयी १९३५ ची. याच बेकनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर थांबलेलं हृदय विजेच्या झटक्याने परत चालू केलं.

आणि एको! स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये पहिल्यांदा ध्वनिलहरींनी हृदय बघितलं. यंत्र मूळचं धातूतल्या भेगा शोधायचं, गोदीत जहाजांचे पत्रे तपासतात तसलं. हृदयाभोवतीचं पाणी ओळखायला ते वापरायचं, हे चलनात आणलं ते इंडियानापोलिसच्या हार्वे फायगेनबाउमनी, १९६५ मध्ये. म्हणजे आज ज्याला आपण एको म्हणतो त्याला डॉक्टरांच्या जगात पाय रोवायला मदत झाली ती याच पाण्यामुळे. झडपांवर एडलरचं काम मात्र त्याआधीच चालू होतं.

कडुनिंब | मंगळवार, दुपारी १:४५

दफ्तरदार, अवांतर कसलं, धाग्याला वजन आलं. आउएनब्रुगरची ठोकाठोक मी अजून करते. खूप पाणी असेल तर डाव्या खांद्याच्या पात्याखाली ठोकल्यावर भद्द आवाज येतो, कारण फुगलेलं आवरण डावं फुफ्फुस दाबतं. नवीन डॉक्टर हसतात. हसू देत.

माणदेशी | मंगळवार, सायंकाळी ६:२०

आमच्या चुलत्यांचं सांगतो. गेल्या वर्षी पाय सुजले, दम लागायला लागला. जवळच्या एका दवाखान्यात (नाव नको) "हार्ट कमजोर आहे" म्हणून लघवीच्या गोळ्या सुरू केल्या. दोन-चार दिवसांत चुलते उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी. चक्कर येऊन पडले तेव्हा शहरात नेलं. तिथल्या बाईंनी मान बघितली, पाठ ऐकली आणि थेट एकोला पाठवलं. तीन सेंटिमीटर पाणी. गोळ्यांनी उलटं का झालं हे तेव्हा कोणी समजावलं नाही.

कडुनिंब | मंगळवार, रात्री ९:०५

माणदेशी, हे प्रत्येक ज्युनिअर डॉक्टरने वाचावं असं आहे. "पाय सुजले आणि दम लागतो" म्हटलं की हात आपोआप लघवीच्या गोळीकडे जातो. हृदयाचा स्नायू थकलेला असेल तर ते बरोबर. पण हृदय बाहेरून दाबलं जात असेल तेव्हा ते कसंबसं भरतं ते शिरांमधल्या वाढलेल्या दाबाच्या जोरावर. गोळीने अंगातलं पाणी काढलं की तो दाबच उतरतो, हृदय रिकामं राहतं, रक्तदाब कोसळतो. टॅम्पोनाडच्या पेशंटला पाणी निघेपर्यंत बऱ्याचदा आम्ही सलाइन देतो, सूज डोळ्यांसमोर असताना.

त्या बाईंनी काय बघितलं असेल ते सांगते. मानेच्या शिरा फुगलेल्या, म्हणजे उजव्या बाजूला रक्त तुंबलंय. पण पाठीला स्टेथोस्कोप लावला तर फुफ्फुसं साफ, चुरचुर नाही. डाव्या बाजूचं हृदय थकून दम लागला असता तर फुफ्फुसात पाणी उतरलं असतं आणि आवाज आला असता. मान भरलेली, फुफ्फुस कोरडं, नाडी जलद. एवढ्यावर एकोला पाठवलं, आणि ते अगदी योग्य केलं.

आजीबाईचा_बटवा | मंगळवार, रात्री ९:४०

सूज आणि पाणी यावर पुनर्नवाचा काढा उत्तम. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. डॉक्टर लोक मानत नाहीत ते सोडा.

कडुनिंब | मंगळवार, रात्री ९:५२

बटवाताई, मानण्या-न मानण्याचा प्रश्नच नाही. पुनर्नवा लघवी वाढवते असं तुम्हीच म्हणता ना? मग वर माणदेशींच्या चुलत्यांचं काय झालं ते परत एकदा वाचा. पाणी कुठे आहे ते कळायच्या आधी ते उतरवायचं औषध देऊ नये, मग ते गोळीचं असो की मुळीचं.

सोलापुरी_चादर | बुधवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, माझे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर आहेत. एकोत १५ मिमी पाणी. हल्ली डायलिसिस चालू असताना बीपी एकदम खाली जातं, मशिन थांबवावं लागतं. सुई घालून काढायलाच लागेल का?

कडुनिंब | बुधवार, दुपारी २:१०

सोलापुरी, तुमच्या प्रश्नातली दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पूर्वी व्यवस्थित चालणाऱ्या डायलिसिसमध्ये बीपी वारंवार कोसळायला लागलं तर हृदयावर दाब येतोय का हे बघायला लागतं. आज-उद्यातच नेफ्रॉलॉजिस्टना फोन करून हे दोन्ही एका वाक्यात सांगा: "पाणी १५ मिमी आहे आणि डायलिसिसवर बीपी पडतंय." एको परत होईल आणि या वेळी नुसती मोजपट्टी न लावता कर्णिका-जवनिका चेपतायत का ते बघतील. चेपत नसतील तर बहुतेक डायलिसिसच वाढवतात, आठवड्यातून जास्त वेळा, आणि त्या काळात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) टाळतात, कारण आवरणाला सूज असताना आत रक्तस्राव व्हायची भीती. बऱ्याच जणांचं पाणी तेवढ्यावर उतरतं. चेपत असतील तर काढावंच लागेल, तिथे वाट बघत नाहीत. मधल्या काळात खूप दम लागला, घाम फुटला, ग्लानी आली तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

मैनाराणी | बुधवार, दुपारी ३:००

माझ्या मोठ्या बहिणीचं उलटंच. पाणी "लार्ज", पण ती मजेत स्वयंपाक करतेय. फक्त आळस, वजन वाढलंय, आवाज जरा घोगरा. एवढ्या पाण्यात माणूस असा कसा?

लीड्सची_लीना | बुधवार, दुपारी ४:३०

थायरॉइड केलाय का?

कडुनिंब | बुधवार, रात्री १०:००

लीनाने एका ओळीत नेमकं बोट ठेवलं. थायरॉइड खूप मंदावला की महिनोन् महिने पाणी साचत जातं, आवरण सावकाश ताणतं आणि टॅम्पोनाड क्वचितच होतो. एक खूण आणखी: एवढं पाणी असताना नाडी जलद असायला हवी, थायरॉइडवाल्यांची संथ असते. मैनाराणी, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. तोच वाढलेला निघाला तर गोळी सुरू झाल्यावर पाणी हळूहळू उतरतं, पण त्याला काही महिने जातात. दर पंधरा दिवसांनी एको करून जीव टांगणीला लावू नका. मात्र दम लागायला लागला तर लगेच दाखवा, "थायरॉइडच आहे" म्हणून बसू नका.

वाईकर | गुरुवार, सकाळी ८:४५

ही मशिनं आता खिशात मावतात म्हणे. मग डॉक्टर घरी येऊन, निदान प्राथमिक आरोग्य केंद्रात एको का करत नाहीत?

कडुनिंब | गुरुवार, दुपारी १:३०

यंत्र आहे, कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा, पीसीपीएनडीटी. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदलेलं लागतं आणि फिरतं यंत्र वाटेल तिथे नेता येत नाही. आपल्याकडे मुलींचं प्रमाण जिथवर घसरलं होतं ते बघता कायद्याला माझा विरोध नाही. पण सुऱ्याचा वार लागलेला माणूस माझ्यापुढे पडलेला असताना दोन मिनिटांत छातीखाली प्रोब टेकवून रक्त आहे की नाही हे कळू शकतं, आणि तो प्रोब माझ्या हाताशी नसतो, याची चरफड होतेच. जगभर अपघात विभागात हे आता रोजचं काम झालंय.

माणदेशी | गुरुवार, सायंकाळी ७:१०

चुलत्यांचं पाणी काढलं ते लालसर निघालं. आम्ही समजलो कॅन्सर. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. निघाला टीबी. लाल पाणी टीबीत येतं का? आणि सुई हृदयात गेली नाही हे डॉक्टरांना कळतं कसं?

कडुनिंब | गुरुवार, रात्री १०:२०

येतं, माणदेशी. टीबीचं पाणी बऱ्याचदा लालसर असतं. रंगावरून कॅन्सर ठरवायचा नाही, हे मी नातेवाइकांना सुई घालायच्या आधीच सांगते, तरी बाटली लाल दिसली की चेहरे उतरतातच.

सुई कुठे आहे ते आता एकोवर बघतच घालतात. जिथे पाणी सर्वांत जवळ आणि वाटेत यकृत-फुफ्फुस नाही, तिथून. पूर्वी छातीच्या हाडाच्या टोकाखालून डाव्या खांद्याच्या दिशेने अंदाजाने जायचो. शंका आलीच तर सिरिंजमधलं थोडं गॉजवर टाकून बघायची जुनी युक्ती आहे: आवरणातलं जुनं लाल पाणी सहसा गोठत नाही, हृदयातलं ताजं रक्त गोठतं. एकोवर पक्कं करायचं असेल तर हलवून बुडबुडे केलेलं थोडं सलाइन सुईतून सोडतात. बुडबुडे हृदयाच्या कप्प्यात चमकले तर सुई चुकली, आवरणात चमकले तर बरोबर. मग बारीक नळी ठेवतात आणि दिवसाला २५-३० मिलीच्या खाली आलं की काढतात.

त्या पाण्यातून "कशामुळे" कळतं. पेशी, प्रोटीन, एलडीएच, कॅन्सरच्या पेशींसाठी सायटॉलॉजी, टीबीसाठी एडीए (एक एन्झाइम) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी). एडीए ४० च्या वर असेल तर आपल्या भागात टीबीकडे बोट जातं, पण पू झालेल्या संसर्गात आणि काही कॅन्सरमध्येही तो वाढतो. सीबीनॅट पॉझिटिव्ह आला तर बहुतेक प्रश्न मिटला. निगेटिव्ह आला म्हणून टीबी सुटला असं नाही, कारण या पाण्यात जंतू थोडेच असतात. कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात. तोवर थांबायचं की औषध सुरू करायचं, हा निर्णय कागदावर नसतो. ताप, वजन, घरात टीबी, छातीचा सीटी, मानेतल्या गाठी, एचआयव्हीची तपासणी, सगळं मांडून तो घ्यावा लागतो.

सोलापुरी_चादर | शुक्रवार, सकाळी ११:००

अपडेट: एको परत झाला. कर्णिका चेपत नाहीये. डायलिसिस आठवड्यातून चारदा केलंय, हेपारिनशिवाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघणार. आभार, डॉक्टर.

माइल्डवाला | शुक्रवार, दुपारी १२:१५

मूळ प्रश्न माझाच होता. ६ मिमी, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सापडलं. मला काहीही होत नाही. मी काय करू?

कडुनिंब | शुक्रवार, दुपारी २:४०

तुम्ही तुमच्या फिजिशियनना एकदा दाखवा. टीएसएच, क्रिएटिनिन, हिमोग्राम, सीआरपी, एक्स-रे, ईसीजी हे ठीक असेल आणि ताप-दम काही नसेल, तर इतक्या पाण्याला सहसा नियमित एकोही लागत नाही. मॉडरेट असेल तर साधारण सहा महिन्यांनी, लार्ज असेल तर तीन ते सहा महिन्यांनी बघतात. सहा मिलिमीटरसाठी कोणी सुई घालायला निघालं तर दुसरं मत घ्या.

माणदेशी | शुक्रवार, रात्री ८:३०

शेवटचं विचारतो. चुलत्यांचा सहा महिन्यांचा कोर्स संपत आलाय. पाणी गेलंय. पण पायावर परत थोडी सूज आहे. तिथले एक डॉक्टर म्हणाले स्टेरॉइड द्यायला हवं होतं, दुसरे म्हणाले बरं झालं दिलं नाही.

कडुनिंब | शनिवार, सकाळी ९:२०

दोघांकडेही कारण आहे. आफ्रिकेतल्या आठ देशांत १४०० पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडने मृत्यू कमी झाले नाहीत, पण आवरण घट्ट होऊन हृदय आवळलं जाण्याचं प्रमाण कमी झालं. एचआयव्ही असलेल्यांत मात्र कॅन्सर वाढलेले दिसले. म्हणून पेशंट बघून ठरवतात.

आता सुजेचं. पाणी गेलं, सूज आली, म्हणजे तेच आवळणं सुरू झालंय का हे बघायलाच हवं. याला कन्स्ट्रिक्शन म्हणतात. टीबीनंतर ही भीती असतेच. कोर्स संपायची वाट न बघता या आठवड्यात दाखवा. मानेच्या शिरा श्वास घेताना खाली जायच्या ऐवजी वर चढतात का ते तपासतील. एकोला पाठवताना चिठ्ठीवर "पाणी आहे का" एवढंच नको, "टीबी पेरिकार्डायटिसनंतर, कन्स्ट्रिक्शन?" असं लिहून मागा. नुसतं पाणी शोधायला बसलेला माणूस "पाणी नाही" लिहून मोकळा होईल. गरज पडली तर सीटीत आवरणाची जाडी आणि त्यात कॅल्शियम बसलंय का ते दिसतं, एमआरआयमध्ये अजून दाह शिल्लक आहे का ते कळतं. दाह असेल तर औषधाने सुधारायची संधी असते. आवरण कायमचं कडक झालं असेल तर शस्त्रक्रियेने ते काढावं लागतं.

लीड्सची_लीना | शनिवार, दुपारी १:१५

माणदेशी, एको करणाऱ्याला सांगा की श्वासाची रेघ लावून डॉपलर घ्या. ती नसेल तर कन्स्ट्रिक्शन हातातून निसटतं. आणि मागच्या वेळचा कागद नुसता नको, क्लिप्स पेनड्राइव्हवर मागून घ्या. आधी हृदयातला मधला पडदा कसा हलत होता ते शेजारी ठेवून बघता आलं तर आमचं निम्मं काम होतं.

माणदेशी | शनिवार, दुपारी १:४०

पेनड्राइव्ह घेऊन सोमवारीच निघतो. चिठ्ठीवरची ओळ मोबाइलमध्ये उतरवून घेतलीय.